चालकाशी बोलू नये

मयुरी भर मंगळवारी दुपारी चिखलीच्या जीपमधून गावात उतरली, तेव्हाच मला कळलं की आभाळात काहीतरी बिघडलंय. विमान चालवणारी पोरगी सणाला येते, कोणाच्या लग्नाला येते, मंगळवारी येत नाही. जीपमधून आधी तिची मोठी बॅग उतरली, मग ती उतरली, मग बाजारातून आणलेली एक शेळी उतरली, आणि त्या तिघांत शेळीचाच चेहरा काय तो बरा होता.

मयुरी म्हणजे आमच्या किसनची एकुलती एक लेक. किसनराव एस.टी.त डायव्हर आणि मी, दयाराम, त्याच्याच गाडीवर कंडक्टर. मेहकर डेपोतून दोघं बरोबरच रिटायर झालो. त्यानं जन्मभर गाडी चालवली आणि मी जन्मभर तोंड चालवलं. राजूरच्या घाटात एकदा उतारावर आमच्या गाडीचे ब्रेक गेले, तेव्हा मी सगळ्या प्रवाशांना मागे तोंड करून बसवलं. गाडीला वाटलं आपण घाट चढतोय, आणि ती आपोआप हळू झाली. हे मी कुठंही सांगत असलो की किसन नुसता समोर पाहत बसतो.

तर पोरगी ओट्यावर टेकली, तानाबाई वहिनी पाणी घेऊन बाहेर आल्या, आणि पोरीनं तांब्या तोंडाला लावायच्या आत किसननं विचारलं, "गाडी कोणाले देली?"

डायव्हरचा प्रश्न. डायव्हर मधूनच घरी येतो तेव्हा गाडी कोणाच्या तरी ताब्यात देऊन येतो.

"कोणालेच नाही, बाबा," मयुरी म्हणाली. "उभी हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिच्या कंपनीची निम्मी विमानं इंजिनाच्या सुट्या भागांवाचून उभी होती. तेल महागलेलं, प्रवासी आटलेले. विमानं कमी आणि कोपायलट जास्त, असा हिशेब झाल्यावर कंपनीनं सांगितलं की काही जणांना बिनपगारी रजेवर घरी पाठवू, दिवस पालटले की बोलावू. कधी पालटतील ते मात्र कोणी सांगत नव्हतं. तिच्या खोलीवरची सोबतीण सुवर्णा, तीही कोपायलट, तिनं तर केक करायचा क्लासही लावला होता. दुसरा कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसला होता. ढगांच्या वर बसून जेवणारी ही पोरं, आता सकाळी उठून मोबाइल पाहायची आणि पुन्हा निजायची.

किसनला ते त्याच्या परीनं समजलं. एस.टी.त ज्या डायव्हरला गाडी नसते त्याला 'स्पेअर' म्हणतात. त्यानं खाकी घालून डेपोत बसून राहायचं. कोणी आजारी पडला, कोणाचं पोट बिघडलं, की जो समोर दिसेल त्याला ड्युटी मिळते. म्हणून त्यानं मयुरीला समजावलं की उद्याच्या उद्या ड्रेस घालून विमानतळावर जाऊन बस, साहेबाच्या डोळ्यांपुढं राह्य. तिनं त्याला सांगितलं की ड्युटी नसताना तिथं दारावरचा पोलीसच आत सोडत नाही. किसनला हे पटेना. ज्या डेपोत डायव्हरलाच आत घेत नाहीत, तो कसला डेपो, असं तो तानाबाईंना दोन दिवस सांगत होता.

पण एक दार उघडं होतं. कोण राहणार आणि कोण जाणार हे पुढच्या महिन्यातल्या परीक्षेवर ठरणार होतं. हैदराबादला म्हणे एक खोली आहे. तिच्यात विमानाचं नुसतं तोंड ठेवलंय. आत बसलं की काचेपुढं खोटं आभाळ दिसतं, खोटा पाऊस पडतो, खोटे डोंगर येतात, पोटात गोळाही येतो, पण ते विमान जमिनीवरून हातभर पुढं सरकत नाही. त्या खोट्या विमानात खरी परीक्षा. मी ओट्यावर नीट मांडी घालून बसलो. ज्या कामासाठी गाव मला जन्मभर हसलं, त्या कामाची हैदराबादेत सरकारमान्य खोली निघाली होती.

मयुरीची भीती त्या खोलीचीच होती. विमान चालवण्यात ती कोणाला हार जायची नाही. अडचण वेगळी होती. विमानात पुढं दोघं असतात, कॅप्टन आणि कोपायलट. कॅप्टन मोठा खरा, पण तो चुकला तर कोपायलटनं बोलून दाखवायचं. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा बोलायचं. तरीही उत्तर नाही आलं, तर 'आय हॅव कंट्रोल' असं म्हणून विमान आपल्या हातात घ्यायचं. हा नियमच आहे, त्यात उद्धटपणा धरत नाहीत. मागच्या परीक्षेत कॅप्टन होऊन बसलेल्या परीक्षकानं मुद्दाम विमान डोंगराकडं खाली खाली नेलं आणि झोप लागल्यासारखा गप्प बसला. मयुरी म्हणाली, "सर." तेही इतकं हळू, की सरांना तो एसीचा आवाज वाटला असेल. मग सर काही बोलतील म्हणून ती वाट पाहत राहिली. खोटं विमान खोट्या डोंगरावर आपटलं आणि शेरा खरा लागला: बोलायला पाहिजे तेव्हा बोलत नाही. या खेपेलाही तसंच झालं, तर बिनपगारी रजेवर जाणाऱ्यांत ती पहिली.

"बोलन कशी?" तानाबाई मला म्हणाल्या. "भावजी, तुमीच सांगा, त्या पाटीखाली वाढलेली पोरगी बोलन कशी?"

पाटी म्हणजे एस.टी.तली, डायव्हरच्या डोक्यावरची: 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' मयुरी मेहकरच्या शाळेत आमच्याच गाडीनं जायची. डायव्हरच्या मागची पहिली सीट तिची. अक्षराला अक्षर जोडून वाचायला ती त्या पाटीवरच शिकली. इतर डायव्हर त्या पाटीखाली तंबाखू मळत गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचे, पण किसन पाटीला कायदा समजायचा. एकदा पोरीची एक चप्पल दारातून खाली पडली. गाडी थांबेपर्यंत ती बोलली नाही. गाडी थांबली ती थेट मेहकरला. घरीसुद्धा तेच वळण. किसन खाटेवर बसून रेडिओचं बटण फिरवत असला, तरी त्या घरात कोणी तोंड उघडत नसे.

सराव करायचा तर मयुरीला विमानातल्या त्या बटणांच्या भिंतीचं खऱ्या मापाचं चित्र हवं होतं. पायलट लोक तसंच करतात म्हणे. चित्रापुढं खुर्ची टाकायची, बटणांवरून हात फिरवायचा आणि तोंडानं हुकूम म्हणायचे. चित्र छापायला दिलं चिखलीच्या फ्लेक्सवाल्याकडं. वाढदिवसाचे आणि निवडीचे बोर्ड छापून छापून त्याचा हात बसलेला. त्यानं चित्र झकास काढलं, पण सवयीनं भोवती झेंडूची किनार टाकली, वर 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं आणि खाली 'शुभेच्छुक: समस्त गावकरी मंडळी'. विमानाची चाकं खाली घ्यायचा दांडा नेमका एका झेंडूच्या फुलाखाली गेला. मयुरीनं ते उलगडून पाहिलं आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसली.

कापसाच्या खोलीत भिंतीवर फ्लेक्स लागला. समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीत कॅप्टन म्हणून आधी किसन बसला. बसला तो खऱ्याखुऱ्या रस्त्याकडं पाहावं तसा समोर पाहत राहिला. तो बोलेना, म्हणून मयुरीही बोलेना. बापलेक त्या झेंडूच्या किनारीतून मुकाट्यानं कुठवर जाऊन आले, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मला कॅप्टन केलं. एस.टी.च्या इतिहासात कंडक्टरला एवढी बढती कधी मिळाली नसेल.

माझं काम सोपं होतं. मयुरी विचारेल त्याचं ठरलेलं उत्तर द्यायचं. पण ठरलेलं बोलायला माझी जीभ कधी शिकलीच नाही.

"लँडिंग गिअर?" तिनं विचारलं.

"खाली," मी म्हणालो. "दोन चाकं आली. तिसरं मेहकरच्या बाजारात पंक्चर काढाले देलं हाय."

"काका."

"येईन ना व ते. माणूस धाडला हाय."

पहिले काही दिवस ती हसून हसून खुर्चीतून पडायची. मग माझ्या ध्यानात आलं की आपल्याजवळ हैदराबादवाल्यांचंच हत्यार आहे. मी सावकाश चुकायला लागलो. उंची हजार असली की पाच हजार सांगायचो. मध्येच घोरायला लागायचो. एकदा लोणारचं पाणी जवळून दाखवतो म्हणून विमान सरळ सरोवरात नेलं. आधी ती म्हणायची, "काका, मले वाटते..." काही दिवसांनी 'मले वाटते' गळालं. मग 'काका'ही गळालं. "कॅप्टन, उंची." मी घोरतोय. "कॅप्टन, उंची कमी." मी अजून जोरात घोरतोय. "आय हॅव कंट्रोल," आणि माझ्या हातावर फटका. आतून तानाबाईंचा आवाज आला की एवढ्या वर्षांनी भावजींना थांबवणारं कोणीतरी घरात निघालं.

मी खुश झालो होतो. पण एके दिवशी सराव संपल्यावर मयुरी खुर्चीतच बसून राहिली.

"तुमाले अडवणं सोपं हाय, काका," ती म्हणाली. "तुमी खोटं बोलता हे साऱ्या तालुक्याले माहीत हाय. ते सर तसे नाहीत. ते बाबासारखे हायेत. त्यायचं चुकते असं मले वाटतच नाही."

मी किसनच्या मागे लागलो की एकदा, फक्त एकदा, तू त्या खुर्चीत बसून मुद्दाम चूक. त्यानं साफ नाकारलं. गाडी खरी असो की फ्लेक्सची, आपण मुद्दाम चुकीची चालवणार नाही, असं म्हणून तो म्हशीला पाणी दाखवायला गेला.

हैदराबादला निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही चौघं गावातल्या पुंजाजीची जीप मागून घेऊन चिखलीला गेलो. पोरीला नवे बूट घ्यायचे होते, तानाबाईंना सोबत द्यायला चिवडा-लाडवाचं सामान. परत येताना दिवस मावळला होता. किसन चालवत होता, मयुरी त्याच्या शेजारी, मी आणि तानाबाई मागे पिशव्यांत. मी नांदुऱ्याच्या स्टेशनावर आगगाडीला हात दाखवून थांबवली होती ती गोष्ट सांगत होतो, आणि गार्ड माझ्या पाया पडायला खाली उतरतो तिथवर आलो होतो, तेव्हा मला पुढं रस्त्याच्या कडेला एक काळा डोंगर दिसला.

कापसाची ट्रॉली होती. टायर बसलेलं, निम्मी रस्त्यावर, मागे ना लाल दिवा ना काही. मला वाटलं, किसननं पाहिलीच असेल. किसन आणि रस्त्यावरची वस्तू न पाहणार?

"बाबा, पुढं ट्रॉली हाय," मयुरी म्हणाली.

जीप तशीच चालली होती. माझा हात घंटीच्या दोरीसाठी वर गेला. जीपला दोरी कुठून असणार.

"बाबा, ट्रॉली. ब्रेक." हे मोठ्यानं.

किसन समोर पाहत होता. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

"गाडी माह्याकडं," मयुरी म्हणाली, आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून उजवीकडं ओढलं. ट्रॉली आमच्या डाव्या अंगाला घासून मागे गेली. आरशाला कापसाचं बोंड लटकलं. मग कुठं किसनचा पाय ब्रेकवर पडला.

आगगाडीची गोष्ट माझ्या तोंडातच राहिली. किसन खाली उतरला, मागे चालत ट्रॉलीपर्यंत गेला आणि तिच्या फळीवर तळहात टेकवून उभा राहिला, जणू ती खरंच तिथं आहे की नाही हे पाहत असावा. परत आला तो उजव्या दाराशी आला नाही. डावीकडं आला, मयुरीला सरकायची खूण केली आणि चावी तिच्या हातात दिली. घरापर्यंत तिनं जीप आणली.

किसनच्या स्टेअरिंगला आजवर कोणी हात लावला नव्हता. डेपो मॅनेजरनंही नाही. घरी आल्यावर तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही ताटाकडं न पाहता नुसता चहा पिऊन ओट्याच्या कोपऱ्यात बसला. तानाबाईंनी विचारलं तर मान फिरवली. मयुरी माझ्याकडं आली आणि आपलं चुकलं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. त्या पोरीनं माझ्या तोंडून एवढं छोटं उत्तर कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळं तिचा विश्वास बसला नाही.

मग मी माझ्या धंद्याला लागलो. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो आणि हळूच सांगितलं की किसननं पोरीची परीक्षा घेतली. ट्रॉली त्याला फर्लांगावरून दिसली होती. पोरगी बोलते की नाही हे पाहायचं होतं, म्हणून बहाद्दरानं ब्रेकवरचा पाय काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी पुंजाजीनं मलाच ती सांगितली, आणि त्यात ट्रॉलीच्या टायरमधली हवाही किसननंच आधी जाऊन सोडली होती. लोक किसनला रस्त्यात थांबवून शाबासकी द्यायला लागले.

किसन माझ्या ओट्यावर आला.

"काऊन बे, गावभर काय सांगून राह्यला?"

"काय सांगून राह्यलो?"

"मले ट्रॉली दिसली नव्हती, दयाराम."

"मले माहीत हाय."

"सांजच्याले मले धुरकट दिसते. लय दिवसांपासून."

"तेबी माहीत हाय. तू नोटेवर बोट फिरवून पाह्यते."

तो ओट्याच्या कडेला टेकला. "मंग खोटं काऊन सांगते?"

"तुले खरं सांगाचं असन तं तू सांग ना बे. मी कुठी तुह्या तोंडाले कुलूप लावलं?"

तो उठून गेला. गावाला त्यानं काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी जेवला, असं तानाबाईंनी मला कुंपणावरून सांगितलं.

मयुरीला चिखलीला जालन्याच्या गाडीवर सोडायला आम्ही सकाळी निघालो. जीप पुंजाजी चालवत होता, किसन आणि मयुरी मधल्या सीटवर, मी मागे. ट्रॉली उभी होती ती जागा आली. रस्ता मोकळा होता, कडेच्या गवतात थोडा कापूस अडकलेला. जीप भरधाव चालू होती, आणि किसन बोलला. चालत्या गाडीत किसनचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मयु, मले ते दिसलं नव्हतं."

"माहीत हाय, बाबा."

"दयाराम सांगते ते खोटं हाय."

"तेबी माहीत हाय."

किसननं खिडकीबाहेर पाहिलं. "पयल्यांदा तू लय हळू बोलली. मले आयकू आलं, पण वाटलं मांगून दयाराम काही बोलून राह्यला. पयल्यांदाच जोरानं बोलत जाय."

"हाव, बाबा," ती म्हणाली, आणि ते जरा जोरानंच म्हणाली. पुंजाजीनं दचकून ब्रेक दाबला.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघं सकाळपासून फोनभोवती बसलो होतो. तानाबाईंनी भाकरी थापायला घेतल्या आणि एक तव्यावरच काळी झाली. दुपार कलल्यावर फोन आला. किसननं तो हात लांब करून धरला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावा.

मयुरी एका दमात सांगत सुटली. विमान उतरायच्या बेतात असताना कॅप्टन बोलता बोलता गप्प झाला आणि विमान एका बाजूला कलायला लागलं. ती बोलली. पुन्हा बोलली. मग विमान हातात घेतलं आणि खोट्या धावपट्टीवर उतरवलं. तिला ठेवून घेतलं होतं. सुवर्णाला मात्र घरी पाठवलं होतं. सुवर्णाचं उड्डाण आपल्याहून चांगलं आहे, असं ती दोनदा म्हणाली. तानाबाईंनी पिठाच्या हातानंच फोनजवळ येऊन बजावलं की त्या पोरीला इकडं घेऊन ये, आठ दिवस राहू दे, इथं तिला कोणी विमानाचं विचारणार नाही. माझ्याकडं पाहून, हे मी बघीन, असंही म्हणाल्या.

सगळं बोलून झालं. किसन अजून फोन धरून होता.

"तो कॅप्टन," त्यानं विचारलं, "त्याले राग आला का?"

"नाही, बाबा. त्यायनं उलटा चहा पाजला."

किसननं मान हलवली. फोनमधून तिकडची माणसं बोलत असल्याचा आवाज येत होता.

"मलेबी नव्हता आला," तो म्हणाला.

ज्या माणसानं राग राग करून ताट परत केलं होतं, तो हे म्हणाला. आवाज हलला नाही, पापणी हलली नाही. या कामात माझं आयुष्य गेलंय, पण इतकी स्वच्छ थाप मला कधी साधली नाही. तानाबाई काळी भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"मंग डॉक्टरले डोये कवा दाखवता, बाबा?" पोरगी पलीकडून म्हणाली.

"उद्या. बुलढाण्याले जातो. दयारामले संगं घेतो."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं. "डॉक्टरपुढं तू एक शब्द बोलू नोको," तो म्हणाला. "मले काय दिसते आन् काय नाही, ते मीच सांगीन."

मी कबूल केलं.